तिकीट हललं पाहिजे

करुणाताईची मुलाखत साडेअकराला होती आणि ही शेवटची संधी होती. ती नर्स आहे. परदेशातल्या एका वृद्धाश्रमात नोकरी होती आणि मुलाखत रत्नागिरीतल्या एका कचेरीतून व्हिडिओवर. पहिल्या वेळी तिकडच्या बाई म्हणाल्या होत्या, "काम तुम्हाला उत्तम येतं. पण आमच्या आजी-आजोबांना कमी ऐकू येतं, आणि तुमचे उच्चार तर मलाही कळत नाहीत. तयारी करून परत या."

मी तिची चुलत बहीण श्रुती, नुकतीच फिजिक्स घेऊन बीएस्सी झालेली. मी शोधाशोध केली. इंग्रजीत शब्दाच्या सुरुवातीला प, ट, क आले की तोंडातून हवेचा छोटा झोत निघतो. आपला प कोरडा असतो, म्हणून तिकडच्या कानांना तो ब वाटतो. हा झोत दिसायला हलकासा कागद हवा, आणि लांज्याहून सुटलेल्या एसटीत तो आमच्या हातातच होता.

"तिकीट ओठांसमोर लोंबतं धर आणि म्हण, पेशंट."

ताई कुजबुजली. तिकीट ढिम्म.

"अगं, जोरात!"

"लोक बघतायत गो."

लोक बघतच होते. मागच्या सीटवरून आमच्या गावच्या हौसाआजींनी विचारलं, "काय चाललाय गो बायांनो? तिकिटाला मंत्र घालताव काय?"

मी समजावून सांगितलं. आजींनी लगेच आपलं तिकीट धरलं. "पेशंट!" तिकीट फडफडलं. त्यात सैल कवळीचा वाटा किती, हे मला ठरवता आलं नाही.

"आता स्पून म्हणा. स नंतरच्या प ला झोत नसतो, म्हणून तिकीट हलता कामा नये."

"स्पून!" तिकीट स्थिर. "माझी नोकरी पक्की! विमानात खिडकी मलाच हवी."

मग कोण थांबतंय? सगळ्या गाडीने तिकिटं ओठांसमोर धरली. टी! कॉफी! पेपर! कंडक्टर ओरडला, "ओ मंडळी, तिकिटं सांभाळा, दुसरी मिळायची नाहीत!" आणि स्वतःच्या मशीनमधून लोंबणाऱ्या कोऱ्या कागदावर त्याने हळूच टी म्हणून बघितलं.

ताई हसून हसून लाल झाली. त्या हसण्याच्या भरात तिने असा काही "पेशंट!" काढला की तिकीट बोटांतून सुटलं आणि उघड्या खिडकीतून बाहेर गेलं. गाडीत टाळ्या पडल्या.

पालीच्या थांब्यावर चेकर चढले.

टाळ्या थांबल्या. चेकर ताईसमोर उभे राहिले. "तिकीट?"

"उडालं."

"कशानं?"

"प नं," हौसाआजी म्हणाल्या.

"साहेब, मी दिलंय हो त्यांना तिकीट!" कंडक्टर कळवळून म्हणाला. "मशीनमध्ये नोंद आहे. इंग्रजी मुलाखतीची तयारी करताना उडालं."

चेकरनी मशीन पाहिलं, नोंद पटली. तरी ते हलेनात. त्यांनी माझं तिकीट घेतलं आणि ताईच्या तोंडासमोर वीतभर अंतरावर धरलं. "दाखवा बघू."

मला वाटलं, संपलं सगळं. अनोळखी माणसासमोर ताईला मराठीही फुटत नाही. तिने एकदा माझ्याकडे पाहिलं, ताठ बसली आणि खणखणीत आवाजात म्हणाली, "पेशंट. पेन. टू टॅबलेट्स, प्लीज."

तिकीट नाचलं. चेकरच्या मिशाही हलल्या, निदान आजी तरी तसं शपथेवर सांगत होत्या.

"जा, बाई. पास व्हा," चेकर म्हणाले.

कचेरीत मी दाराबाहेर बसले. आतून तिचा आवाज येत होता, प सकट, ट सकट, आणि मध्येच कुणाचं तरी हसणं. मग ताई बाहेर आली. चेहऱ्यावरून काहीच कळेना.

"काय म्हणाल्या?"

"कधी निघू शकाल, असं विचारलं."

मी किंचाळले. शिपाई उठून उभा राहिला. "मग तू काय म्हणालीस?"

"आईला विचारून सांगते, म्हटलं."

"इंग्रजीत?"

"नाही गो," ताई माझ्या खांद्यावर कोसळून हसायला लागली, "इतका आनंद झाला की मराठीतच म्हटलं!"