जसोंडीच्या देवमाशाचं श्राद्ध

गोदाबाई दोन वर्षं माझ्याकडे एकच मागणं घेऊन येत होत्या आणि दोन वर्षं मी त्यांना एकच उत्तर देत होतो. नवऱ्याचं श्राद्ध त्यांना स्वतःच्या हातानं घालायचं होतं. पोटी मूल नाही. मोतीलाल गेले तेव्हा अग्नी दिला पुतण्यानं, ललितनं. तो इंदूरला परत गेला तो गेलाच. पितृपक्ष आला की गोदाबाई जसोंडीहून शहरात, बुधवाऱ्यात यायच्या, माझ्या ओट्यावर टेकायच्या आणि विचारायच्या, "महाराज, मी केलं तं काय होईल?" मी म्हणायचो, "शास्त्राला मान्य नाही." विषय संपला. मी सुधाकर भटजी, तीस वर्षं लोकांचे पितर जेवू घालतोय. माझ्याशी कुणी वाद घालत नाही.

यंदा त्या आल्या त्या वेगळंच घेऊन. त्यांच्या विहिरीत देवमासा शिरला होता.

"महाराज, पानी खारट झालं. केळीचे पानं करपून ऱ्हायले. चाला तुम्ही."

मी चिडलो. देवमासा हा वनखात्याचा विषय, माझा नव्हे. पण त्या ओट्यावरून उठेचनात, तेव्हा गेलो.

विहीर तीस फूट रुंद, आणि देवमासा पन्नास फुटी. गोणपाटावर कुत्रं बसतं तसा तो आत वाटोळा होऊन बसला होता, शेपटी तोंडाशी घेऊन. डोळा शहाळ्याएवढा. मला पाहून त्यानं जबडा उघडला तर वर-खाली दोन्हीकडे वरवंट्याएवढे दात. मी दोन पावलं मागे सरकलो आणि धोतर सावरण्याचं निमित्त केलं.

काठावर गोदाबाईंचा भाचा जीवन उभा होता. जीवन कॉलेजात प्राणिशास्त्राचा अतिथी विद्वान आहे, म्हणजे विद्वान आहे पण कायम नाही. "लिव्यातान," तो म्हणाला.

"हे नाव आहे की शिवी?"

"नाव आहे महाराज. पन्नास लाख वर्षांपूर्वीच खतम झाला. दुसरे देवमासे खायचा. हाडं मिळाली पेरू देशात."

"मग पेरू सोडून जसोंडीला कशाला आला?"

"मेल्यावर कुठं टिकिट लागते," शेजारच्या मळ्यातला सुकलाल म्हणाला.

"वही तो," जीवन म्हणाला. "पानी की लेवल देखो. एवढं धूड आत उतरलं तर विहीर भरून वाहायला पाहिजे. एक इंच पाणी चढलं नाही. मतलब वजनच नाही. मतलब..."

"भूत," मी म्हणालो. इथून माझा विषय सुरू झाला.

विचार करता सगळं लख्ख दिसलं. एखाद्याचा वंश बुडतो, इथे तर अख्खी जात बुडाली. मागे पाणी द्यायला एक पिल्लू उरलं नाही. पन्नास लाख वर्षं उपाशी असलेला जीव भटकणार नाही तर काय करणार? मला त्याची खरोखर दया आली. त्याला शांत करायचंच, असं मी तिथल्या तिथे ठरवलं.

तीन दिवस मी पोथ्यांत डोकं घालून बसलो. गोत्र माहीत नाही? ज्याला गोत्र नाही त्याला काश्यप गोत्र चालतं. तिथी माहीत नाही? सर्वपित्री अमावस्या आहे. आवडीचा पदार्थ देवमासा? तो शक्य नाही, असं मी सांगून टाकलं. गोदाबाईंनी तांदळाच्या पिठाचा एक छोटा देवमासा वळून वाफवायचं कबूल केलं. प्रत्येक अडचणीला मी वाट काढली. इतकी हुशारी मी आयुष्यात कधी दाखवली नव्हती आणि त्याचा मला गर्वही झाला होता.

सर्वपित्रीला दुपारी विहिरीच्या काठावर पाट मांडला, दर्भ, तीळ, पाणी, वडे, खीर, गंगाफळाची, म्हणजे लाल भोपळ्याची, भाजी. आणि अडलं. पाटावर बसायचं कोणी?

"जीवन, बस."

"महाराज, बाबूजी अजून आहेत."

बाप जिवंत असलेल्यानं पिंड द्यायचा नसतो, हे मीच शिकवलेलं. सुकलालला सुतक होतं. निदान फोनवरून तरी संकल्प सोड, म्हणून ललितला फोन लावला. तो स्पीकरवर म्हणाला, "काकू, मेरा क्या रिश्ता उससे? माझी मीटिंग आहे," आणि फोन ठेवला. मी स्वतः बसू शकत नव्हतो. भटजी आणि यजमान एकच झाला तर दक्षिणा कोण कोणाला देणार?

देवमाशानं विहिरीतून उसासा टाकला. खारट तुषार माझ्या चष्म्यावर आले. सूर्य कलायला लागला होता, वेळ निघून चालली होती.

"नातं पाहिजे ना?" जीवन म्हणाला. "महाराज, हा मासा नाहीच. पिल्लांना अंगावर पाजणारा जीव. लांबचा का होईना, आपल्यातलाच."

"मग मी बसते," गोदाबाई म्हणाल्या. "विहीर माझी, पावना माझा."

मी चष्मा पुसला. सगळे माझ्याकडे बघत होते, तोही. शहाळ्याएवढा डोळा समोर असताना माणसाला नाही म्हणता येत नाही. "बसा," मी म्हणालो. "ज्याला कोणी नाही त्याला कोणीही पाणी देऊ शकतं. शास्त्रात सोय आहे."

गोदाबाई दक्षिणेकडे तोंड करून बसल्या. मी म्हणालो तसं त्या म्हणाल्या: काश्यप गोत्र, लिव्यातान नाव. पिंड आणि तो पिठाचा देवमासा त्यांनी पाण्यात सोडले. त्या अक्राळविक्राळ जबड्यानं ते इतक्या हळू उचलले की पाण्यावर तरंगही उठला नाही. मग विहिरीतला देवमासा सुटा झाला, सरळ झाला, आणि विहिरीच्या तळातून, जिथे जायला वाटच नाही तिथून, निघून गेला. सुकलालनं बादली सोडून पाणी चाखलं. गोड होतं.

मी सामान आवरायला घेतलं. गोदाबाई उठल्या नाहीत.

"महाराज, तीळ उरले. पानी उरलं. मी बसलीच हाये."

मी तोंड उघडलं आणि शास्त्र म्हणणार होतो. पण ज्या पोथीत पन्नास लाख वर्षांपूर्वीच्या जनावरासाठी मी तीन दिवस वाटा शोधल्या, ती पोथी या बाईसाठी मी एकदाही उघडली नव्हती. मला स्वतःची लाज वाटली. मी पुन्हा बसलो.

"नाव घ्यावं लागेल," मी म्हणालो. "संकल्पात कर्त्यानं नाव उच्चारायचं असतं."

चाळीस वर्षांच्या संसारात त्यांनी नवऱ्याचं नाव घेतलं नव्हतं. 'हे', 'आमच्या घरचे', 'तुमचे काका', एवढंच. त्यांनी पदर नीट केला, केळीच्या ओळींकडे पाहिलं.

"मोतीलाल," त्या म्हणाल्या.

पुढचा मंत्र मला तोंडपाठ होता, तरी मी पोथी उघडून पान शोधायला लागलो.

"म्हना ना महाराज," गोदाबाई म्हणाल्या, "दोन वर्सांचे उपाशी हायेत ते."