माळ्यावरचा डबा

माझ्या मोठ्या आतड्याला सूज येते, आत जखमा होतात आणि संडासातून रक्त पडतं. डॉक्टर त्याला अल्सरेटिव्ह कोलायटिस म्हणतात. आमच्या घरात त्याला नुसतं 'मृणालीचं पोट' म्हणतात. खरं नाव गावात फुटलं तर भिवंडीपासून गणेशपुरीपर्यंत मला कोणी सून करून घेणार नाही, असं आईला वाटतं. आईचं हे वाटणं मी बरीच वर्षं गिळत आले. आता पाणी डोक्यावरून गेलंय.

उन्हाळ्याच्या सुरुवातीला ठाण्याच्या डॉक्टरांनी नेहमीच्या गोळ्यांच्या जोडीला एक पावडर दिली. तिच्यात चांगले जंतू असतात, जिवंत. ते आतड्यात जाऊन सूज उतरायला हातभार लावतात. डॉक्टरांनी मला हरभऱ्याच्या झाडावर चढवलं नाही. काहींना गुण येतो, काहींना अजिबात येत नाही, आपण करून बघू, गोळ्या मात्र बंद करायच्या नाहीत आणि पुड्यांचा डबा फ्रिजबाहेर ठेवायचा नाही, असं त्यांनी स्पष्ट सांगितलं. आई माझ्या शेजारीच बसली होती. मागच्या खेपेला स्टेरॉइडने माझा चेहरा इतका सुजला होता की मी काम करते त्या गोदामाच्या ऑफिसात लोक मला ओळखेनात. ते पुन्हा पुन्हा नको, म्हणून त्या पावडरीवर माझी सगळी भिस्त होती.

सुरुवातीला बरं वाटलं. आई रोज सकाळी ताकात पुडी कालवून ग्लास हातात द्यायची आणि मी पिऊन ड्युटीवर जायचे. मे महिन्यात माझ्या भावाचं, प्रितेशचं लग्न निघालं. हळदीला सगळं गाव जेवलं, डीजेने कान किटले, आणि मी मऊ वरणभात खाऊन एका बाजूला बसले. मटण का घेत नाही म्हणून विचारणाऱ्या प्रत्येक बाईला आईने माझा उपास असल्याचं सांगितलं. एवढे उपास खरंच केले असते तर एव्हाना देव स्वतः भेटायला आला असता.

लग्नानंतर रक्त पुन्हा सुरू झालं. काल एकटीच ठाण्याला गेले. पावडर थंडच ठेवली होती ना, असं डॉक्टरांनी विचारलं आणि मी छातीठोकपणे हो म्हणाले. मग ही तुला लागू पडत नाही, ते म्हणाले, बंद कर. रिपोर्ट आले की स्टेरॉइड सुरू करायचं ठरलं. येताना रिक्षात मी रडले.

आज दुपारी बायजाबाई आल्या. गावातली निम्मी लग्नं त्यांनी जमवलेली, माझ्यासाठी शेलार गावचं स्थळ घेऊन आल्या होत्या. त्या बाहेर चहा पीत बसल्या होत्या आणि मी स्वयंपाकघरात उरलेल्या पुड्यांचा डबा केराच्या बादलीत टाकत होते. आईने माझा हात धरला.

"टाकू नको गो. चांगला हाय तो. मी परत फ्रिजमधी ठेवलेला."

परत म्हणजे काय, मी विचारलं. आई ओट्याकडे वळली आणि पुसलेलाच ओटा पुसायला लागली. मी पुन्हा विचारलं, तेव्हा थोडं थोडं करून बाहेर आलं. हळदीच्या आदल्या दिवशी तिने डबा माळ्यावर ठेवला होता. लग्नाचं घर, कोणी पाण्याला फ्रिज उघडणार, कोणी बर्फाला. डबा दिसला की औषध कोणाचं हा प्रश्न येणारच. शिवाय कोळंबीला जागा हवी होती. पाहुणे पांगेपर्यंत डबा माळ्यावर पत्र्याखाली होता, ऐन मे महिन्यात, जिथे दुपारी माणूस उभा राहू शकत नाही. रोजची पुडी ती तिथूनच काढत होती.

"मला काय ठाव. मासली न्हाय का, भायेर राहिली तरी परत बर्फात घातली का टिकते."

"मासळी मेलेली असते, आई. हे जिवंत होते. तू त्यांना मारलंस आणि मग तेच मला पाजत राहिलीस."

"हळू बोल. बायजाबाई बसलीय भायेर."

तिथे माझं डोकं फिरलं. माझ्या आतड्यापेक्षा हिला बायजाबाईंचे कान महत्त्वाचे. जंतू जिवंत राहिले असते तर मला गुण आला असता, असं मी म्हणत नाही. कदाचित तेव्हाही रक्त पडलं असतं. पण ते मला कळायला हवं होतं ना. आता डॉक्टर ते औषध मला पुन्हा देणार नाहीत, कारण मीच त्यांना खोटं सांगून आलेय, आणि तेही हिच्यावर विश्वास ठेवून.

मी डॉक्टरांना फोन लावला आणि आईच्या हातात दिला. काय केलंस ते तूच सांग, म्हटलं. तिने तोंडाला पदर लावला आणि ती पुटपुटायला लागली. बाहेर बायजाबाईंचं चहा पिणं थांबलं होतं. आईने फोनवर हात ठेवला.

"त्यांना आयकू येत न्हाय बोलतान," ती म्हणाली. तिचे डोळे भरले होते. मला तिची दया आली, आणि दया आली म्हणून आणखी राग आला.

"मग मोठ्याने सांग."

आईने बाहेरच्या खोलीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मी हटले नाही. तिने पदर तोंडावरून काढला.

"माज्या पोरीला आतड्याचा आजार हाय, डॉक्टर," ती म्हणाली. "तिचं औषध मी लपवलं."