डाव्या बाजूचं शेवाळ

बेबीनंदानं सुकटीचा भिजवलेला तुकडा माशाच्या डाव्या अंगानं पाण्यात सोडला. मासा हलला नाही. दुसरा तुकडा तिनं उजवीकडून सोडला. तो तळाला जायच्या आत गिळला गेला.

“डाव्यानं दिसत न्हाई त्याला,” ती म्हणाली.

“आंधळा झाला का पाव्हणा?” खाटेवर बसून चपलेचा पट्टा ओढता ओढता तिच्या बापानं, भिवानं विचारलं.

पाव्हणा म्हणजे नारिंगी अंगावर तीन पांढरे पट्टे असलेला, बोटाएवढा, समुद्रातला मासा. तिचा भाऊ शिवाजी मुंबईत शोभेच्या माशांच्या दुकानात कामाला होता. दिवाळीला त्यानं टाकी, बॅटरीवर चालणारा हवेचा पंप आणि समुद्री मिठाची पाकिटं यांच्यासकट तो घनसावंगीला आणून ठेवला. तेव्हापासून भिवाच्या प्रवासी जीपची जुनी बॅटरी पंपाच्या कामाला लागली. गल्लीतलं कुणी बघायला आलं की भिवा स्वतः सांगायचा, “साध्या पाण्यात टाकला तर जागीच मरंल. खारटच पाह्यजे, ते बी बराबर मापात.”

परवापासून माशाचा डावा डोळा मण्यासारखा बाहेर आला होता आणि त्यावर धुरकट साय धरली होती. दोन्ही डोळे सुजले असते तर बेबीनंदानं पाण्याला नाहीतर जंतूंना दोष दिला असता. एकच डोळा म्हणजे बहुधा मार. पण प्राणिशास्त्र घेऊन बी.एस्सी. झाल्यावर पहिलाच रोगी हाती आला होता. ‘बहुधा’वर तिचं समाधान होत नव्हतं. सकाळपासून ती टाकीपाशी जात होती, परत येत होती.

तिनं टाकीतलंच पाणी टबात काढलं, मेडिकलमधून आणलेलं एप्सम सॉल्ट त्यात विरघळवलं आणि मासा अलगद त्यात सोडला.

“जुलाबाचं औषध माशाला?” तिची आई गिरिजाबाई चुलीपाशी हसली. “कोणी शिकवलं गं माय तुला?”

“त्यानं सूज उतरती.”

“कपाशी लाल पडली की हेच फवारत्यात,” भिवा म्हणाला. “कृषी केंद्रात गोणीच मिळती. मला सांगितलं असतं तर आणलं असतं.”

“त्यात काय काय मिसळलेलं असतं, आबा. ते न्हाई चालत.”

“डोळा बरा होईल का पण?”

“सूज जाईल. नजरेचं सांगता येत न्हाई.”

मासा काढलेल्या टाकीत तिनं हात घातला. एकेक दगड चाचपला. धार कुठंच नव्हती. चावायला दुसरा मासाही नव्हता. हात बाहेर काढताना तिची नजर काचेवर गेली आणि तिथंच राहिली.

काच पुसायचं काम भिवाचं. जीपचा जुना वायपर त्यासाठी ठेवलेला होता. त्याला तो कुणाला हात लावू देत नसे. मधली काच लख्ख होती, उजवीकडची लख्ख. डावीकडं मात्र वरपासून खालपर्यंत वीतभर रुंद शेवाळ, हिरवंगार. मासा नेमका त्याच कोपऱ्यात विसावायचा. तिनं वायपर उचलला. टोकाला रबर झिजून पत्रा उघडा पडला होता. तोच माशाला लागला असावा.

“आबा, काच कधी पुसली?”

“आयतवारी. सगळी चकाचक केली ना?”

ती दारात आली. बाहेर जीप उभी होती. डावा मडगार्ड चेपलेला. वाटूरच्या रस्त्याला बैलगाडी आडवी आल्ती, असं भिवानं सांगितलं होतं. डावा आरसा फुटलेला. तो स्टँडवरच्या पोरांनी फोडला होता म्हणे.

“काय पाहून राह्यली?” भिवानं विचारलं.

“काय न्हाई.”

गल्लीच्या तोंडाशी गलका झाला. बदली ड्रायव्हर म्हणून दुसऱ्यांच्या गाड्यांवर जाणारा पुंजाराम स्टँडवरची माणसं घेऊन दारातच आला होता. रामनवमी होती, सगळे जांबच्या जत्रेला निघालेले. बाया लेकरं मांडीवर घेत जीपमध्ये दाटीवाटीनं बसू लागल्या.

“भिवाभाऊ, जल्दी करा! टपावर बी चढून राह्यलेत लोकं.”

“आलो, आलो. चहा तर पिऊ दे.”

बेबीनंदानं आईच्या हातातून चहाचा कप घेतला. रोज ती समोरून द्यायची. आज खाटेला वळसा घालून मागून आली, आणि भिवाच्या डाव्या गालाच्या बाजूला, वीतभर अंतरावर, कप धरून थांबली. चहाची वाफ वर जात होती. भिवा दाराकडं पाहत होता.

“अगं, झाला का न्हाई चहा?” त्यानं चुलीकडं आवाज टाकला.

तिच्या हातातला कप बशीवर वाजला. भिवानं मान वळवली. कप पाहिला, तिच्याकडं पाहिलं. कप घेऊन त्यानं फुंकर मारली, मात्र घोट घेतला नाही.

“बेबी,” तो म्हणाला, “माशाला एका डोळ्यावर भागतं का गं?”

बाहेर पुंजारामनं हॉर्न दाबला.

“टाकीत भागतं, आबा.”

“मंग काय!” गिरिजाबाई भाकरी थापता थापता म्हणाली. “त्याला कुठं गावाला जायचंय?”

भिवानं कप खाली ठेवला, खुंटीवरची किल्ली काढली आणि बाहेर गेला.

“पुंजाराम, लायसन हाय ना जवळ? आज तू चालव.”

“अन् तुम्ही?”

भिवानं किल्ली त्याच्या हातात दिली. चेपलेल्या मडगार्डवरून हात फिरवत तो डाव्या बाजूला आला. पुढच्या सीटवर कडेला बसलेल्या माणसाला “सरक जरा” म्हणून तिथं टेकला. जीप सुरू झाली.

घराचं दार त्याच्या डाव्या हाताला होतं. तिथं उभ्या असलेल्या लेकीला पाहण्यासाठी त्यानं मान पूर्ण वळवली.