मालदीवचा डोंगर

"पण यात डोंगर कुठाय?" शाळेच्या प्रदर्शनात झाराचं मॉडेल बघून मिहिका मिसनी विचारलं आणि तिच्या आईच्या, अन्वरीच्या, तळपायाची आग मस्तकात गेली.

"मालदीवला डोंगर नसतोच, मिस. सगळं सपाट. पाण्याच्या वर जेमतेम माणूसभर."

"करेक्ट आहे हो. पण डिस्प्लेला उठून दिसायला नको? बाकीच्यांची बघा ना."

बाकीच्यांची! रोल्लाच्या बाजारातल्या दुकानात देशाचं नाव सांगायचं, दुसऱ्या दिवशी थर्माकोल तयार. श्रीलंका असो, मॉरिशस असो, तोच हिरवा डोंगर, तोच निळा धबधबा. शेजारच्या टेबलावरच्या मालदीवलाही धबधबा होता. जिथे धड एक नदी नाही, तिथे धबधबा! आणि वर पहिल्या नंबरची रिबन. काय म्हणावं या लोकांना?

इथे मायलेकी आठवडाभर जमिनीवर बसून खपल्या होत्या. झाराचे अब्बा, मोहिद्दीन, मालदीवच्या एका बेटावर बोटींची इंजिनं दुरुस्त करत. शारजातली नोकरी गेली तेव्हा मिळेल तिथे गेले. अन्वरीची क्लिनिकमधली नोकरी होती, म्हणून मायलेकी शारजातच, अल मजाजच्या घरी राहिल्या. रोज संध्याकाळी ते फोनवरून लेकीला बेट फिरवून दाखवत: प्रवाळाच्या चुऱ्याची पांढरी वाळू, बाहेर प्रवाळाच्या कडेवर फुटणाऱ्या लाटा, आत हिरवं निवांत पाणी. तसंच झाराने रव्याची वाळू पसरली, बांगडीसारखी बेटं मांडली आणि एका बेटाच्या काठावर काड्यापेटीची खोली ठेवली. अब्बांची खोली.

"माझ्याकडे गेल्या वर्षीचा एक डोंगर आहे," मिसनी कपाटातून स्पंजचा डोंगर काढला. "हा लावा, मी पुढच्या टेबलावर ठेवते. प्रॉमिस."

"खोटा लावू? भूगोल शिकवता ना तुम्ही? मग खोटं शिकवायची फी घेता काय?"

आजूबाजूचे पालक वळून बघू लागले.

"मम्मी, प्लीज," झारा पुटपुटली. "एव्हरीवन इज लुकिंग."

तेवढ्यात मोहिद्दीनचा व्हिडिओ कॉल आला. अन्वरी पर्समधून फोन काढेपर्यंत झाराने मुकाट्याने डोंगर चिकटवून टाकला होता.

"बघा तुमच्या लेकीला काय करायला लावलं!" अन्वरीने फोन मॉडेलसमोर धरला.

झाराने मान खाली घातली. "आय ॲडेड अ माउंटन, अब्बा. सॉरी."

"अरे, सॉरी कशाला? भारी झालाय!" मोहिद्दीन हसले. "खरंच असता तर बरं झालं असतं, बेटा. मागच्या महिन्यात भरतीचं पाणी खोल्यांत शिरलं ना, आम्ही सगळे रात्रभर टेबलांवर बसून होतो."

"हे मला बोलला नाहीत तुम्ही!"

"ओसरलं ना आता पाणी? खलास. तू उगाच जीवाला घोर लावून घेशील."

अन्वरीचा हात डोंगर उपटायला निघाला होता, तो तसाच राहिला. राग गेला नव्हता. पण तो आता मिसवर काढण्याएवढा लहान राहिला नव्हता.

झाराने काठावरची काड्यापेटी नखाने अलगद सोडवली. खाली थोडा रवा चिकटून आला. तिने ती डोंगराच्या अगदी माथ्यावर ठेवली आणि गोंद वाळेपर्यंत बोटाने दाबून धरली.

"आता कसं उठून दिसतंय!" मिहिका मिस म्हणाल्या.