मागचं आधी, पुढचं नंतर

जयसिंगने दांड्याला तारेचे वेढे दिले, पकडीने पीळ घातला आणि उरलेलं टोक आत वळवून दाबलं. कुणाच्या हाताला टोचायला नको.

*

निघोजेच्या घरात खाटेखाली गोणपाटात गुंडाळलेलं काहीतरी जड आहे. झाडताना केरसुणी त्याला अडते आणि वळसा घालून पुढे जाते.

*

पवनेचा काठ, थेरगावच्या अंगाला. रविवारची दुपार. एक माणूस चपला उशाला घेऊन झोपला आहे. शेजारी जेवणाचा डबा. धुणं धुणाऱ्या बायका त्याला बघून आपटणं जरा हळू करतात.

*

ओढ्याच्या चढावर मागच्या चाकांनी खणलेले दोन खड्डे. पुढच्या चाकांच्या नुसत्या रेघा.

*

जीप लष्कराच्या लिलावातली होती. रंग उडालेला, टप नाही, पण सांगाडा सरळ. जयसिंग पिंपरीतल्या एका कंपनीत टर्नर होता, परमनंट, आणि संत तुकाराम नगरात राहायचा. त्याचा धाकटा भाऊ भिवा त्याच कंपनीत टेंपररी लागला होता. दर काही महिन्यांनी त्याला ब्रेक मिळायचा आणि तो निघोजेला घरी बसायचा. शेवटच्या ब्रेकनंतर बोलावणं आलंच नाही. घरात आई, तानुबाई, आणि भिवाची नुकतीच लग्न होऊन आलेली बायको, नीला. चाकणच्या पश्चिमेला डोंगरातल्या वाड्यांवर पावसाळ्यात एसटी जात नसे. तिथला बटाटा बाजारात आणायला एखादी दांडगी गाडी असली तर भिवा जगेल, असं दोघा भावांनी ठरवलं. ठरवलं जयसिंगनेच. भिवा हो म्हणाला.

वाड्यांकडे रस्ता नव्हता, दगड होते. म्हणून जीप उचलायची ठरली. ट्रकच्या स्प्रिंगचे जुने पाटे कापून जीपच्या पाट्यांखाली चढवले, मोठे टायर घातले. गाडी हातभर उंच झाली. तानुबाईला तिच्यात बसायला पाट ठेवावा लागे, आणि गावातली पोरं गाडीला उंट म्हणू लागली. पण मोठ्या टायरांनी इंजिनाचा जीव काढला. रिकामी जीपसुद्धा चढावर धापा टाकायची.

थेरगावात आबाजीचं गॅरेज होतं. आबाजी लातूरकडचा. तो जीपखाली गेला आणि पडल्यापडल्याच बोलू लागला. दोन्ही एक्सलच्या पोटातले दातेरी जोड, क्राउन आणि पिनियन, बदलावे लागतील. वेग जाईल, जोर येईल. भंगारवाल्यांकडे फिरफिर फिरून तसा एकच जोड मिळाला. नवा घ्यायची ऐपत दोघांचीही नव्हती.

"मागचं आधी करू," जयसिंग म्हणाला. "पुढचं नंतर."

आबाजी बाहेर आला, चिंधीला हात पुसत राहिला.

"करा की. पण मग फोर-व्हील लावायचं न्हाई, राव. मागची चाकं चार पावलं टाकतील तवर पुढची पाच टाकायला बघतील. एका जुवाला बैल आणि घोडा. मधल्या गिअरडब्याचे दात जातील."

मग त्याने असंही सांगितलं, की चिखलाची गोष्ट वेगळी. चिखलात चाकं घसरून आपापला हिशेब मिटवतात, तिथे थोडं अंतर चालून जाईल. कडक रस्त्यावर मात्र मुळीच नाही.

हे जयसिंगने ऐकलं. भिवाला सांगताना त्याने दुसरा भाग गाळला. भिवाला दोन गोष्टी सांगितल्या की तो तिसरीच करतो, असं घरात लहानपणापासून म्हणत. म्हणून एकच सांगितली, आणि वर फोर-व्हीलच्या दांड्याला तार बांधली.

"आन् चिखल आसला तर?" भिवाने विचारलं होतं.

"चिखल असो नाहीतर डांबर. पुढचा जोड बसेपर्यंत तारेला हात लावायचा नाही."

"बरं, दादा."

*

एक पावसाळा नीट गेला. मागच्या जोडाने खरंच जोर आणला. भिवा पोती भरून खाली यायचा, परतताना वाड्यांवरच्या म्हाताऱ्यांना मीठ, रॉकेल, बांगड्या न्यायचा. ओढ्याला पाणी असलं की अलीकडे थांबून बिडी ओढायचा आणि पाणी उतरलं की निघायचा. तो थांबायला शिकला होता.

जयसिंगला मात्र थांबायला जागा नव्हती. शिफ्ट सुटली की कॉलनीतलं कुणीतरी दारात उभं असे. कुणाचा स्टोव्ह, कुणाचा पंखा, कुणाच्या सायकलचं फ्रीव्हील. हात चांगला असल्याची ही शिक्षा, असं तो बायकोला म्हणायचा, आणि हसायचा. नंतर नंतर हसणंही सुटलं.

*

दुसऱ्या पावसाळ्याच्या अखेरीस, एका शुक्रवारी, वाडीवरच्या सोपानरावाला आणि त्याची बटाट्याची पोती घेऊन भिवा निघाला. ओढा उतरला होता, पण पलीकडच्या चढावर काळी माती लोण्यासारखी झाली होती. सोपानराव ढकलायला खाली उतरला. मागची चाकं फिरत राहिली, खणत राहिली. मग जीप मागे सरकली, सरकता सरकता आडवी झाली, आणि उंच होती म्हणून कलंडली. भिवा तिच्याखाली सापडला. बटाटे ओढ्यातून पार खालच्या वळणापर्यंत गेले, ते दोन दिवस पोरं वेचत होती.

जयसिंग कंपनीतून तसाच आला. भावाच्या अंगावरची माती त्याने स्वतः धुतली. अग्नी दिल्यावर लोक गोल करून बसले, तेव्हा कुणीतरी विचारलं, हे झालं कसं. जयसिंगने सांगितलं, की भिवाने तार तोडली असणार. दांडा ओढला असणार, मधला गिअरडबा अडकला असणार, आणि गाडी चढावर जागच्या जागी मेली असणार. मी बजावलं होतं.

सगळ्यांनी माना हलवल्या. यंत्रातलं जयसिंगला कळतं. तानुबाई भिंतीला टेकून म्हणाली, की लेकरू लहानपणापासून असंच, ऐकायचं नाही. त्यानंतर रडताना ती तेवढंच म्हणत राहिली. ऐकायचा न्हाई. माजं ऐकायचा न्हाई, दादाचं ऐकायचा न्हाई. सोपानराव तापाने अंथरुणाला खिळला होता. त्याला कुणी विचारलं नाही.

*

पुण्यानुमोदनाच्या दिवशी विहारातले लोक आले. त्रिसरण झालं, फोटोपुढच्या मेणबत्त्या संपत आल्या, पंगती उठल्या. जयसिंग हात धुऊन गावाबाहेर चालू लागला.

जीप बैल लावून आणली होती आणि बाभळीखाली उभी केली होती. काच नव्हती, एका बाजूचा पत्रा आत गेला होता. मोठे टायर चिखल वाळून पांढरे पडलेले. त्याने आत हात घालून सीटवरची माती ओंजळीने बाहेर टाकली, मग वाकून दांड्याकडे पाहिलं.

तार होती.

त्याने वेढ्यांवरून बोट फिरवलं. पीळ त्याचाच, डावीकडून घातलेला, कंपनीत सगळे ज्यावरून त्याला हसायचे तसा. टोक आत वळवून दाबलेलं. दांड्याच्या मुठीवर मात्र चिखलाची पाच बोटं उमटली होती. हात आला होता, धरून बघितलं होतं, आणि सोडून दिलं होतं.

जयसिंगच्या खिशात पकड होती. ती कायम असायची. त्याने ती काढली आणि तारेला लावली. जबडा मिटायला फार जोर लागला नसता.

मागे पाचोळा वाजला. नीला होती. हातात पाण्याचा तांब्या, पदर कपाळापर्यंत ओढलेला. लग्न होऊन आल्यापासून ती थोरल्या दिरासमोर कधी बोलली नव्हती. काही हवं असलं की तानुबाईच्या तोंडून यायचं. तिने तांब्या बॉनेटवर ठेवला आणि परत फिरली नाही.

"तार तुटली व्हती का, भाऊजी?"

जयसिंगने पकड बाजूला केली.

"नाही."



"सोपानरावाकडं गेलते काल. ते म्हणले, मी भिवाला सांगितलं, ती दांडी वढ की लेका. तर हे म्हणले, दादानं बांधलीया."

बाभळीवरून काहीतरी उडालं. खाली रस्त्याने एक ट्रक चाकणकडे गेला.

"आत्याबाईंस्नी सांगाल का? त्या अजून तसंच म्हणत्यात. ऐकायचा न्हाई, ऐकायचा न्हाई." तिचा आवाज चढला नाही. "दुसरं कायबी म्हणू द्या. त्ये तेवढं न्हाई."

"सांगतो," जयसिंग म्हणाला. पण जागचा हलला नाही.

नीला जायला वळली आणि थांबली.

"आन् त्ये खाटंखालचं. पुढच्या चाकांचं. भंगारवाल्याच्या मागं लागून त्यांनीच मिळवलं, ह्ये व्हायच्या आदल्या शनिवारी आणलं. लई खुशीत व्हते. तसंच उठून तुमच्याकडं आले सांगाया. परत आल्यावर म्हणले, दादाला उद्याच्या रविवारी ओव्हरटाइम हाय, फुडल्या रविवारी बसवू." तिने पदराचं टोक बोटाला गुंडाळलं. "रोज सांजच्याला सोडून तेलानं पुसायचे, गंज धरू नये म्हून. आता म्या पुसू का?"

जयसिंगने तांब्या उचलला. पाणी प्यायला नाही. ते त्याने दांड्याच्या मुठीवर ओतायला धरलं, मग बोटांच्या खुणा बघून हात मागे घेतला आणि तांब्या होता तिथे ठेवला.

"पूस," तो म्हणाला.

ती गेली. ऊन टायरांवरून पत्र्यावर चढलं, पत्र्यावरून निघून गेलं. घराकडून तानुबाईचा आवाज येत होता. इतक्या लांबून शब्द कळत नव्हते, पण ते कुठले हे त्याला ठाऊक होतं. पकड अजून त्याच्या हातात होती.

त्या रविवारी कंपनीत ओव्हरटाइम नव्हता. चपला उशाला घेऊन तो पवनेच्या काठी झोपला होता.