चौदाव्या ओळीतली मात्रा

गेलेल्या बाबांच्या वहीतली पियानोची धून ती अक्षरं-आकड्यांत टाइप करत होती; पहिलं पान झालं होतं. प्रोग्राम त्यातून स्वरलिपी छापून देणार होता, पण मेल्याने एकच धोशा लावला होता: ओळ चौदा, चारच्या जागी पाच मात्रा. तिने कंस तपासले, टिंबं मोजली, दोन शिव्याही घातल्या. शेवटी वही पुन्हा नीट पाहिली. त्या ओळीतले स्वर पानाच्या अगदी तळाशी होते, आणि पुढे बाबांनी मागाहून पेन्सिलने एका मात्रेची विश्रांती घातली होती. प्रत्येक पानाच्या तळाशी तशीच.

ती मात्रा काढायला निघालेला तिचा हात थबकला. आई होती तोवर बाबा वाजवायचे आणि पान आई उलटायची. नंतर त्यासाठी बाबांनाच एक हात काढावा लागे.

तिने तेवढ्या ओळीपुरता तालच पाच मात्रांचा केला.