ओदिलच्या वर्षाची बाटली

मी फ्रान्समधल्या बर्गंडी प्रांतातील लाल वाइनची बाटली आहे. बूच शाबूत होते तोवर मौन पाळणे मला भाग होते. ते आज दुपारी निघाले, म्हणून बोलते.

माझा जन्म आन्सेल्म ग्रोमिए यांच्या तळघरात झाला. गिरजाघरामागचा एवढासा उतार, हाच त्यांचा द्राक्षमळा. त्या वर्षी गारपिटीने बरेच पीक नेले आणि त्याच वर्षी त्यांना मुलगी झाली, ओदिल. या घरात मुलीच्या जन्मवर्षाची वाइन विकत नसत. तिच्या लग्नाच्या जेवणात उघडण्यासाठी ती तळघराच्या मागल्या भिंतीशी निजवून ठेवत. तिला लेबलही लावत नसत. घरच्या माणसाला नावाची पाटी कशाला?

ओदिल शाळेत असताना तिचे आजोबा वारले. कागदोपत्री उतार त्यांच्याच नावावर होता. वाइन महागल्यामुळे परदेशी श्रीमंत आमच्याकडील जमिनी वाटेल त्या भावाने घेत होते. सरकारने त्याच भावाने आमचा उतार मोजून वारसाकर लावला. जमीन राखण्यासाठी आन्सेल्म यांनी मागली भिंत रिकामी केली. मला लेबल लावताना त्यांनी माझ्याकडे पाहिले नाही.

मी इंग्लंडला गेले, परंतु तेथे पोहोचले नाही. जकात न भरलेल्या मालाच्या गोदामात मी अनेक वर्षे पडून होते आणि कायद्याच्या दृष्टीने त्या देशात माझे आगमन झालेच नव्हते. तेवढ्या अवधीत माझे मालक कितीदा तरी बदलले. एकानेही माझे तोंड पाहिले नाही. माझ्या बहिणींचा भाव लंडनमध्ये एक होता, न्यूयॉर्कच्या हॉटेलात त्याच्या तिप्पट, आणि मुंबईत, जकातीमुळे, तो विचारण्याचीही सोय नव्हती. पोटात सर्वांच्या एकच द्राव होता. अखेरीस हाँगकाँगच्या लाऊ नावाच्या सद्गृहस्थांनी मला नेले. तेथे वाइनवर जकात नाही, म्हणून तेथे मी स्वस्त होते असे म्हणतात.

इकडे ओदिलचे लग्न ठरले. तिच्या वर्षाची एक तरी बाटली मिळावी म्हणून आन्सेल्म यांनी लंडनच्या व्यापाऱ्याला फोन केला. युगेतबाईंनी, म्हणजे त्यांच्या पत्नीने, विचारले, "काय म्हणाला?"

"म्हणाला, एक बाटली हवी तर ट्रॅक्टर विकून टाक."

हे मला आज जेवताना कळले. लग्न परवावर आले आहे. लाऊ पाहुणे म्हणून आले होते. त्यांना माझ्या लेबलावर आन्सेल्म यांची सही हवी होती. सहीने भाव वाढतो. त्यांनी मला टेबलावर, कोंबडीच्या रश्श्याशेजारी, ठेवले आणि पेन काढले. आन्सेल्म यांनी लेबल वाचले, पुन्हा वाचले, आणि बूच काढायचा स्क्रू उचलला.

"अहो, थांबा. फक्त सही हवी होती," लाऊ म्हणाले.

"बाटली जेवणाच्या टेबलावर ठेवलीत, लाऊसाहेब. ती न उघडणं म्हणजे पाहुण्याचा अपमान. आमच्यात चालत नाही तसं."

तोवर बूच निघाले होते. पेन आपल्याला दिसलेच नाही, असे आन्सेल्म दुपारपासून सांगत आहेत.

लाऊ मयताला आल्यासारखे बसून राहिले. मग म्हणाले, "ही मी कधी प्यायलो नाही."

"मग काय विकत घेतलंत ते कळणार कसं तुम्हाला?" युगेतबाईंनी विचारले आणि त्यांचा पेला भरला.

ओदिलने घोट घेतला. सर्व जण तिच्याकडे पाहत होते.

"बाबा, जरा आंबटच आहे की."

"गारा पडल्या होत्या," आन्सेल्म म्हणाले आणि उठून खिडकीशी गेले.

लाऊ यांनी पेला पुन्हा पुढे केला.

आता मी मोरीशी उभी आहे. नवऱ्या मुलाचा चुलतभाऊ मघाशी सांगत होता की, अशा लेबलाच्या रिकाम्या बाटलीलाही गिऱ्हाईक असते. तीत हलकी वाइन भरून, नवे बूच ठोकून दूरदेशी विकतात. तिचाही भाव देशागणिक वेगळा आहे.

ओदिल, मी तुझ्यासाठी भरले गेले होते आणि तुझ्यापाशी रिती झाले. आता मला फोड. दुसऱ्या कोणाच्या मुलीच्या लग्नात मला खोटे बोलायला लावू नकोस.